विश्लेषण : संघात हवे, पंगतीत नको! १९०६ची ऐतिहासिक लढत गाजवणारे बाळू पालवणकर कोण होते?

आयपीएलमध्ये आज खेळाडूची जात कोणी विचारत नाही, विचारली जाते ती बोली. पण सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात एक गोलंदाज असा होता, ज्याने टाकलेला चेंडू संघातल्या सहकाऱ्यांना चालत असे, मात्र त्याने स्पर्श केलेला कप चालत नसे. त्याच गोलंदाजाने पुढे मुंबईत इंग्रजांना हरवण्यात मोठा वाटा उचलला, इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक विकेट घेतल्या, पुणे करारावर सही केली आणि निवडणुकीत थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहण्याची वेळही त्याच्यावर आली. त्यांचे नाव बाळू पालवणकर. जुन्या धावफलकांत हेच नाव पी. बाळू असे दिसते.

त्यांना कर्णधारपद का मिळाले नाही? १९०६च्या सामन्याला एवढे महत्त्व का? आणि बाबासाहेबांचा आदर्श ठरलेला खेळाडू त्यांच्याच विरोधात कसा गेला? सविस्तर पाहू.

क्रिकेट पुण्यापर्यंत कसे पोहोचले?

इंग्रजांची फौज जिथे गेली तिथे क्रिकेट गेले. पुणे आणि खडकीच्या छावण्या त्यातल्या प्रमुख. घोडनदीकाठचे शिरूर हेही एकेकाळी इंग्रजी फौजेचे ठाणे होते. आज याच तालुक्यातील निमोण्यासारख्या गावातही मुलांच्या हाती बॅट-बॉल सहज दिसतो, पण त्या काळी हा साहेबांचा खेळ होता. भारतीयांमध्ये तो आधी उचलला मुंबईच्या पारशांनी. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८चा. त्यानंतर हिंदू आणि मुस्लिम क्लब उभे राहिले.

म्हणजेच संघ बनले ते शहरांचे किंवा प्रांतांचे नव्हे, तर धर्म आणि समाजाचे. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम अशी ही विभागणी होती. प्रत्येक समाज आपले सर्वोत्तम अकरा खेळाडू निवडून मैदानात उतरवी. आजच्या भाषेत सांगायचे तर ही त्या काळची ऑल-स्टार स्पर्धा होती. फरक एवढाच, की इथे हार-जीत संपूर्ण समाजाच्या प्रतिष्ठेशी जोडली जाई.

बाळू यांची सुरुवात कुठून झाली?

पालवणकर कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवणचे. गावावरूनच आडनाव आले. जातीने चांभार. बाळू यांचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला असल्याने कुटुंब पुण्यात आले. बाळू थोरले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे भाऊ. चारही भाऊ पुढे क्रिकेटपटू झाले. छावणीतले अधिकारी टाकून देत ते जुने साहित्य घेऊन या मुलांनी खेळायला सुरुवात केली.

बाळू यांना पहिली नोकरी लागली ती पुण्यातील एका पारशी क्लबच्या मैदानावर. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे. पगार महिना ३ रुपये. अधूनमधून सदस्यांना सरावासाठी चेंडू टाकायला मिळत. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये गेले. पगार ४ रुपये झाला. काम जवळपास तेच : रोलर, नेट बांधणे, खेळपट्टी आखणे, टेनिस कोर्टची देखभाल.

आठ आण्यांचा हिशेब काय आहे?

पूना क्लबचे सर्वात नावाजलेले फलंदाज होते कॅप्टन जे. जी. ग्रेग. हॅम्पशायरकडून कौंटी क्रिकेट खेळलेले हे लष्करी अधिकारी. इतर सदस्य येण्याच्या तासभर आधी ते मैदानावर हजर होत आणि बाळू यांना गोलंदाजी करायला सांगत. बाळू यांनी बाद केले की प्रत्येक वेळी ग्रेग त्यांना आठ आणे देत, असे सांगितले जाते.

हिशेब सोपा आहे. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. ग्रेगना आठ वेळा बाद केले की महिन्याच्या पगाराएवढी कमाई. चेंडूची दिशा, टप्पा आणि वेग यावर हुकूमत मिळवायला यापेक्षा मोठे कारण काय हवे?

बाळू डावखुरे फिरकीपटू. अशा गोलंदाजाचा नेहमीचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या पायाकडून बाहेर, म्हणजे ऑफच्या दिशेने वळतो. पण त्याच हालचालीत एखादा चेंडू सरळ किंवा आत आणता आला, तर फलंदाजाला अंदाजच येत नाही. बाळू यांना दोन्ही जमत असे. चेंडूला उंची देणे, वेगात किंचित फरक करणे आणि तासन् तास एकाच टप्प्यावर मारा करणे ही त्यांची हत्यारे होती. पुढे त्यांची तुलना इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी होऊ लागली.

मात्र पूना क्लबमध्ये त्यांना नेटमध्ये कधी फलंदाजी करू दिली गेली नाही. त्या काळी फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी हे नोकराचे काम मानले जाई. बाळू यांनी शेकडो तास चेंडू टाकले, बॅट मात्र हाती आली नाही.

हिंदू क्लबने त्यांना का घेतले?

इंग्रजांच्या मैदानावर एक माळी-कामगार ग्रेगसारख्या फलंदाजाला सतावतो, ही बातमी शहरात पसरली. पुण्याच्या हिंदू क्लबला युरोपियनांना हरवायचे होते. पण खेळाडू अस्पृश्य जातीतला. क्लबमधल्या काही ब्राह्मण सदस्यांचा विरोध होता, तर काहींना सामना जिंकणे अधिक महत्त्वाचे वाटत होते. अखेर बाळू संघात आले.

त्यानंतर जे घडले ते त्या काळाचे अचूक चित्र आहे. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहापानाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये जात आणि बाळू यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. सहकारी चिनी मातीचे कप वापरत. जेवणासाठी बाळू यांचे ताट आणि जागा वेगळी. हात-तोंड धुण्यासाठी पाणी द्यायचे तर तेही दलित समाजातील नोकरानेच.

तरीही विकेट पडत राहिल्या आणि संघ जिंकत राहिला. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धचा सामना विशेष गाजला. बाळू यांची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवून ती टणक केली होती, असे सांगतात. बाळू यांनी सात बळी घेतले. या यशानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर समारंभात त्यांचा सत्कार केला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असा सवाल क्लबच्या सदस्यांपुढे ठेवला. लोकमान्य टिळकांनीही त्यांची जाहीर प्रशंसा केली. दोन वेगळ्या विचारांच्या नेत्यांचे एका अस्पृश्य खेळाडूच्या कौतुकावर एकमत होणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

मुंबईत काय बदलले?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेग आला. त्याच सुमारास बाळू मुंबईत आले. काही काळ लष्करात आणि नंतर रेल्वेत त्यांनी नोकरी केली. १८९४मध्ये स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. इथेही प्रवेशाच्या वेळी काही सदस्यांनी कुरकुर केली, पण कर्णधाराने आग्रह धरला. मुंबईतले वातावरण पुण्याच्या तुलनेत मोकळे होते. काळ पुढे सरकला तसे सहकारी त्यांच्याबरोबर जेवूही लागले. धाकटे शिवरामही संघात आले.

१९०६चा सामना ऐतिहासिक का ठरला?

मुंबईत पारशी आणि युरोपियन यांच्यातील वार्षिक लढत १८९०च्या दशकापासूनच गाजत होती. पारशांनी साहेबांना अनेकदा हरवले होते. हिंदू संघाला मात्र ही संधी मिळाली फेब्रुवारी १९०६मध्ये. मैदान बॉम्बे जिमखान्याचे, म्हणजे आजच्या आझाद मैदानाला लागून असलेले.

वेळही लक्षात घ्यायला हवी. १९०५मध्ये जपानने रशियाला हरवले होते. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ पेटली. गोऱ्यांना हरवता येते, ही भावना देशभर होती. अशा वेळी हिंदूंचे निवडक अकरा आणि युरोपियनांचे निवडक अकरा समोरासमोर आले. हिंदूंच्या अकरांत बाळू आणि शिवराम हे दोन पालवणकर होते.

धावफलक असा :

• हिंदू, पहिला डाव : २४२
• युरोपियन, पहिला डाव : १९१
• हिंदू, दुसरा डाव : १६०
• युरोपियन, दुसरा डाव : १०२
• निकाल : हिंदू संघ १०९ धावांनी विजयी

विजयासाठी २१२ धावा हव्या असताना युरोपियन संघ त्याच्या निम्म्याही धावा करू शकला नाही. या पडझडीत बाळू यांच्या फिरकीचा मोठा वाटा होता.

सामन्यानंतर आनंद झाला तो केवळ इंग्रज हरले म्हणून नव्हे. इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकी पत्राने वेगळाच मुद्दा मांडला. हिंदूंनी आपल्यातल्या खालच्या मानलेल्या जातीच्या खेळाडूला बरोबर घेतले म्हणून ते जिंकले, जातीची बंधने सैल केली तर समाजाची ताकद वाढते, असा त्याचा रोख होता. म्हणजे एका क्रिकेट सामन्याचा निकाल अस्पृश्यतेविरुद्धचा पुरावा म्हणून वाचला गेला.

पुढच्याच वर्षी, १९०७मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली आणि १९३७मध्ये इतर समाजांचा पाचवा संघ आल्यावर पंचरंगी. रणजी करंडक सुरू झाला १९३४मध्ये. त्याआधी भारतातले सर्वात चुरशीचे क्रिकेट हेच होते.

इंग्लंडमध्ये त्यांची कामगिरी कशी होती?

१९११मध्ये ऑल इंडिया संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग. संघात पारशी, हिंदू आणि मुस्लिम तिन्ही समाजांचे खेळाडू होते. शिवरामही बरोबर होते. संघाची कामगिरी बेताचीच राहिली. २३ सामन्यांत ६ विजय, १५ पराभव आणि २ अनिर्णित.

बाळू यांची कामगिरी मात्र वेगळ्याच पातळीवरची होती. दौऱ्यातील सर्व सामन्यांत मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. सरासरी १९पेक्षा कमी. केम्ब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लेस्टरशायरवरील विजयात सामन्यात ११ बळी. सॉमरसेटविरुद्ध भारताने एक गडी राखून सामना जिंकला, त्यात शिवरामचे नाबाद शतक होते. म्हणजे प्रथम श्रेणीचे जे दोन सामने भारताने जिंकले, त्या दोन्हींत पालवणकर बंधूंची कामगिरी निर्णायक होती.

तेव्हा बाळू पस्तिशीला आले होते आणि खांदा दुखत होता. तरी कौंटी संघांकडून त्यांच्याकडे विचारणा झाली. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. या समारंभातील मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी लिहिले होते, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. शिकण्याची, पुढे जाण्याची धडपड करणाऱ्या त्या पिढीसमोर जगाने मान्य केलेला आपला माणूस म्हणून बाळू उभे होते.

मग कर्णधारपद का नाही?

चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचा सर्वात अनुभवी खेळाडू कोण, यावर वाद नव्हता. तरी १९१३मध्ये कर्णधार झाले मुकुंदराव दामोदर पै. पै हे १९११च्या दौऱ्यातले बाळू यांचे सहकारी. स्वतः पै यांनीच आपल्या सत्कारात हा मान ज्येष्ठ असलेल्या बाळू यांना मिळायला हवा होता, असे मोकळेपणाने सांगितले.

निवड समितीला ते पटले नाही. गोलंदाज म्हणून बाळू हवे होते, पण सवर्ण खेळाडूंनी त्यांचा हुकूम मैदानात ऐकावा ही कल्पना पचत नव्हती. संघात घेणे ही गरज होती, कर्णधार करणे ही मान्यता होती. या दोहोंमधले अंतर सात-आठ वर्षे तसेच राहिले.

१९२०मध्ये ठिणगी पडली. बाळू यांना संघातून वगळले गेले. पै आजारी पडल्यावर कर्णधारपद विठ्ठल यांच्याऐवजी दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. शिवराम आणि विठ्ठल यांनी जातीच्या आधारावर होणाऱ्या या अन्यायाचा निषेध करत संघातून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीर निवेदनातून मांडली. वृत्तपत्रांतून चर्चा झाली, लोकमत पालवणकरांच्या बाजूने झुकले. अखेर तोडगा निघाला. पै बरे होऊन परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. सामन्यादरम्यान पै मैदानाबाहेर गेले आणि काही काळ का होईना, हिंदू संघाची सूत्रे बाळू यांच्या हाती आली. वय पंचेचाळिशीच्या आसपास. कारकीर्द संपत आलेली.

पूर्ण न्याय मिळाला तो पुढच्या भावाला. १९२३मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली. विजयानंतर प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने बेसबॉलच्या मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत ओलांडली ती १९४७मध्ये. बाळू मुंबईच्या हिंदू जिमखान्यात आले ते त्याच्या सुमारे अर्धशतक आधी.

बाळू आणि बाबासाहेब समोरासमोर का आले?

खेळ सुटल्यावर बाळू सार्वजनिक कामात आले. बाबासाहेबांविषयी त्यांना आदर होता. मुंबई विधिमंडळावर आंबेडकरांची नियुक्ती झाली तेव्हा त्यांच्या सत्काराच्या कामी बाळू पुढे होते. एकेकाळी बाबासाहेबांनी बाळू यांचे कौतुक केले, आता बाळू बाबासाहेबांचे करत होते.

पण १९३२मध्ये मार्ग वेगळे होऊ लागले. ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले. त्याविरोधात महात्मा गांधींनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले. स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा असाव्यात, असे मानणाऱ्यांमध्ये मद्रासचे एम. सी. राजा आणि बाळू होते. तडजोडीसाठी झालेल्या बोलण्यांत दोघेही सहभागी होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागांची तरतूद झाली. करारावरील सह्यांमध्ये पी. बाळू हे नाव आहे.

१९३५मध्ये बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. बाळू यांना हा मार्ग मान्य नव्हता. हिंदू समाजात राहूनच बदल घडवता येईल, असे त्यांचे मत होते. क्रिकेटमध्ये त्यांचा अनुभवही तसाच होता : नकार, मग कुरकुर, मग हळूहळू स्वीकार. बाबासाहेबांना ही गती आणि ही वाट पुरेशी वाटत नव्हती. दोघांच्या भूमिकांमधला खरा फरक इथे आहे.

१९३७च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईतील राखीव जागेवर आंबेडकरांविरुद्ध बाळू यांना उभे केले. एका बाजूला देशातील सर्वात मोठ्या पक्षाची यंत्रणा आणि लोकप्रिय क्रिकेटपटू, दुसऱ्या बाजूला वर्षभरापूर्वीच स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते. निकाल असा लागला : डॉ. आंबेडकर १३,२४५ मते, बाळू ११,२२५ मते. फरक २,०२० मतांचा.

त्यांचे नाव मागे का पडले?

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू यांचे निधन झाले. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१ ही त्यांची अधिकृत नोंद. तेव्हा सामनेच कमी होत, शिवाय ऐन उमेदीची वर्षे त्यांना मोठ्या सामन्यांविना घालवावी लागली. हे लक्षात घेतले तर या आकड्यांचे वजन आणखी वाढते.

विस्मरणाची कारणे एकापेक्षा जास्त आहेत. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२चा, तोवर बाळू निवृत्त झाले होते, त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत ते येत नाहीत. धर्मावर आधारलेली पंचरंगी स्पर्धा देशाच्या एकतेला मारक आहे अशी टीका झाली. गांधीजींनीही १९४०मध्ये नापसंती व्यक्त केली. १९४६मध्ये ती बंद झाली आणि तिच्यासोबत तिचे नायकही विस्मृतीत गेले. राजकारणात काँग्रेसला ते फार उपयोगी राहिले नाहीत आणि आंबेडकरी चळवळीच्या स्मृतीत ते विरोधी उमेदवार म्हणून उरले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२मध्ये भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील पुस्तकात पालवणकर बंधूंची कहाणी विस्ताराने मांडली, तेव्हा अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळले.

बाळू यांच्या आयुष्याचा हिशेब केवळ विकेटमध्ये मांडता येत नाही. गुणवत्ता असली की दार उघडते, हे त्यांच्या कारकिर्दीने दाखवले. पण दार उघडल्यावर आत बसायला जागा आणि निर्णय घेण्याचा अधिकार मिळतोच असे नाही, हेही त्याच कारकिर्दीने दाखवले. संघात स्थान आणि संघाचे नेतृत्व, या दोन गोष्टींमधले अंतर कापायला एका कुटुंबाला पंचवीसहून अधिक वर्षे लागली. आज एखाद्या क्षेत्रात सर्वांना प्रवेश आहे असे सांगितले जाते, तेव्हा तिथे निर्णय कोण घेतो, हा पुढचा प्रश्न विचारायला हवा.